चि.

धुळ्यात, गल्ली नंबर पाचला, 'राजधर आर्ट्स'.
पाटी मीच रंगवलेली, नाव माझंच.
तीस वर्षं पितळेवर लोकांची नावं कोरतो.
खणात सोनेरी माणसं पडलेली:
बॅट उगारलेला, शड्डू ठोकणारा,
चढाईला निघालेला एक, घोट्यात तुटलेला,
आणि ती पंखवाली बाई,
जी कुठल्याही खेळाला चालते.

पुष्कर बोरसे आणि अर्शद पिंजारी आले
भर दुपारी, एका स्कुटीवर.
म्हणाले, काका, यातलं काहीच नको.
आमच्या खेळात कुणी उभं राहत नाही.

मग खेळून दाखवलं काउंटरवरच.
विमानातून शंभर जण उड्या मारतात बेटावर,
शेवटी उरतो एक.
मी पडद्याकडे कमी पाहिलं,
अंगठ्यांकडे जास्त.
काचेवर घसरत होते, थबकत होते,
बाजरी निवडताना बायकोचे चालतात तसे.
बाकी सगळा देह दगड.

शाडूत दोन अंगठे घडवले.
दुसऱ्या दिवशी पोरं बघून लोळायची बाकी राहिली:
काका, हा तर ठेंगा!
जिंकणाऱ्याला ठेंगा देवाना का भो?

खरंच होतं.
ताठ अंगठ्याचा अर्थ आपल्याकडे आधीच ठरलेला.
तीन रात्री त्यातच गेल्या.
नखं बारीक केली, पेरांवर घड्या घातल्या,
दोन्ही एकमेकांकडे झुकवले
आणि मधे मोबाइलएवढी पोकळी सोडली.
तिच्यातून काय दिसेल ते दिसो.
पितळेत ओतून खाली बाभळीचा ठोकळा.
अर्शदनं हातावर तोलली, म्हणाला,
भारी शे.

पहिली, दुसरी, तिसरी, एवढंच ठरलं होतं.
स्कुटी चालू करून पुष्कर परत उतरला.
काका, एक बारकी अजून.
जो सगळ्यात आधी मरेल त्याला.
नावाच्या आधी 'कै.' टाका.
दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

देवपूरचं मंगल कार्यालय,
पितृपक्षात निम्म्या भाड्यात मिळालेलं.
नवरा-नवरीच्या स्टेजवर पडदा,
पंगतीच्या टेबलांवर चार्जरच्या वायरींचं जाळं.
मी कोरणी घेऊन कोपऱ्यात, नावं तिथंच घालायची होती.
पोरं ओरडत होती, मेलो रे मेलो,
आणि मेलेली जाऊन कचोरी खात होती.
बाहेर कुंपणावर कावळे,
शेजारच्या गच्चीवरच्या पानाकडे डोळे लावून.

सगळ्यात आधी गेला नंदुरबारचा एक,
मिसरूडही न फुटलेला.
छत्री उघडायच्या आत.
खेळातलं नाव, लवंगी४२५.

'कै.' माझ्या हाताला सरावाचं अक्षर.
शाळेचे पंखे, देवळातली बाकं, अमरधामची शेड,
आणि दर जानेवारीत
कै. हेमकांत राजधर स्मृती चषक,
टेनिस बॉल, आठ षटकं.
त्या ऑर्डरचे पैसे मी घेत नाही.
कोणाकडून घेणार?
एकवीस वर्षांचा होता.
अजूनही तेवढाच आहे.

कोरणी टेकवली.
'क'चं पोट काही वळेना.
दुपारचा घाम म्हणून हात पुसला,
परत टेकवली.
मग च काढला. आधी वेलांटी. पुढे टिंब.

चि. लवंगी४२५

पुष्कर वाकून वाचायला लागला.
काका, चुकलं ना.
म्हटलं, पितळ आहे बेटा,
आता खोडता येत नाही.

तो काही वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग बाजूच्या बोर्डावरच्या जुन्या लग्नाची अक्षरं
नखानं खरवडत निघून गेला.

आणि तो नंदुरबारचा,
बारकी ट्रॉफी दोन मांड्यांत दाबून,
पुढच्या फेरीसाठी
विमानात चढलाही होता.